वस्तूवांचून चित्र
कै. वासुदेव गायतोंडे यांची चित्रसाधना

चित्र म्हटलें कीं तें कशाचें तरी असलेंच पाहिजे, अशी आपणां सर्वांची लहानपणापासूनची समजूत असते. राजा रविवर्मा यांच्या छापखान्यांतून निघालेलीं चित्रें ज्या घरांच्या भिंतींवर दोन-दोन पिढ्या नांदलीं, त्या घरांतील मनुष्यानें कोणत्याहि नव्या चित्रापुढें उभें राहून "ही कोण?" किंवा "हा प्रसंग कोणता?" असें प्रथम विचारावें, हें स्वाभाविकच आहे. शकुंतला आहे, दमयंती आहे, असें उत्तर मिळालें कीं मन निवांत होतें. परंतु ज्या चित्रांत मनुष्य नाहीं, वृक्ष नाहीं, घर नाहीं, प्रसंग तर मुळींच नाहीं, त्या चित्रापुढें हा प्रश्न लंगडा पडतो. आणि प्रश्न लंगडा पडला म्हणजे आपण चित्रासच लबाड ठरवून मोकळे होतों.

डिसेंबर २०१३ मध्यें मुंबईंत झालेल्या एका लिलावांत अशाच एका चित्रास २३ कोटी ७० लक्ष रुपये किंमत आली. चित्र १९७९ सालचें, चित्रकार कै. वासुदेव संतू गायतोंडे. ही बातमी वाचून "असले पट्टे तर आमचा बाळूहि ओढील" असा उद्गार कित्येक घरांतून निघाला असेल. आम्ही या उद्गाराची थट्टा करूं इच्छीत नाहीं. त्याच्या मुळाशीं एक गंभीर शंका आहे. ज्यास आपण कला म्हणून मान द्यावयाचा, ती खरोखर साधना आहे, कीं धनिकांनीं परस्परांत मांडलेला एक खेळ आहे? लिलावांतील आंकड्यानें या शंकेचें निरसन होत नाहीं. उलट ती बळावते. तिचें उत्तर मिळालें तर चित्र तयार होण्याच्या रीतींतच मिळेल. म्हणून किंमतीची गोष्ट येथेंच सोडून, गायतोंडे चित्र कसें करीत आणि त्यांच्या दृष्टीवर कोणकोणते संस्कार झाले होते, एवढेंच वाचकांपुढें मांडण्याचा आमचा विचार आहे.

गायतोंडे यांचा जन्म २ नोव्हेंबर १९२४ रोजीं नागपुरास झाला. घराणें मूळचें गोमंतकांतील. बालपणाचा कांहीं काळ गोव्यांत गेला, आणि पुढें कुटुंब मुंबईस गिरगांवांतील चाळींत राहूं लागलें. सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेची पदविका त्यांनीं १९४८ सालीं मिळविली. १८५७ सालीं स्थापन झालेल्या या शाळेंत पाश्चात्य धर्तीचें हुबेहूब चित्रण तर शिकविलें जाईच. परंतु जगन्नाथ अहिवासी यांच्यासारखे अध्यापक तेथें भारतीय पद्धतीच्या चित्रणाचे धडेहि देत. जैन पोथ्यांतील चित्रें आणि पहाडी प्रदेशांतील बसोली कलमाचीं चित्रें यांची मोहिनी तरुण गायतोंडे यांच्यावर पडली ती याच काळांत.

बसोलीच्या चित्रांत पिवळ्या अथवा तांबड्या रंगाचें एखादें क्षेत्र पुष्कळदां सबंध पार्श्वभूमि व्यापून असतें. त्यांत छायाप्रकाशाचा खेळ नसतो. दूरचें लहान आणि जवळचें मोठें, हा यथार्थदर्शनाचा नियमहि नसतो. एका सपाट रंगाशेजारीं दुसरा सपाट रंग बसविलेला असतो, आणि त्या शेजारांतच चित्राचें सर्व तेज सांठविलेलें असतें. नायक, नायिका, मंडप, वृक्ष हीं सर्व त्या रंगांच्या आधारानें उभीं असतात. या चित्रांतील आकृति दूर करून केवळ रंगांचें परस्परांशीं असलेलें प्रमाण पाहण्याचा नाद आपणांस लागला, असें गायतोंडे यांनीं पुढें सांगितलें आहे. आमच्या मतें त्यांच्या सर्व वाटचालीचा उगम येथें आहे. कथा वगळली तरी चित्र उरतें, हा धडा त्यांस प्रथम आपल्याच पोथ्यांनीं दिला.

दुसरा संस्कार युरोपांतून आला. नाझींच्या छळामुळें मायदेश सोडून वाल्टर लँगहॅमर, रुडॉल्फ व्हॉन लायडेन आणि इमॅन्युएल श्लेसिंगर हे तीन कलाप्रेमी गृहस्थ मुंबईस आले होते. त्यांच्या घरीं आधुनिक युरोपीय चित्रकलेचीं पुस्तकें असत, आणि तरुण चित्रकारांस तेथें मोकळेपणानें चर्चा करतां येई. १९४७ सालीं स्थापन झालेल्या 'प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप' या मंडळास या तिघांचा मोठा आधार होता. गायतोंडे त्या मंडळांत १९५० च्या सुमारास आले. या काळांत त्यांचें मन विशेष रमलें तें पॉल क्ले या चित्रकाराच्या कृतींत. क्ले हे १९२१ पासून सुमारें दहा वर्षें जर्मनींतील बौहाउस या शाळेंत शिक्षक होते. त्या शाळेंत चित्रकलेच्या जोडीला विणकाम, कुंभारकाम, छपाई, लांकूडकाम यांचेंहि शिक्षण दिलें जाई. अशा ठिकाणीं रेषा कशाची आहे हें विचारण्यापूर्वीं ती जाड आहे कीं बारीक, धांवते आहे कीं थबकते आहे, शेजारच्या चौकोनाशीं तिचें पटतें कीं नाहीं, हें पाहिलें जातें. विणकरास हा विचार करावाच लागतो. क्ले यांनीं तो चित्रकारास करावयास लाविला. बौहाउसचीं चित्रें हिंदुस्थानास अगदींच अपरिचित नव्हतीं, हेंहि येथें नमूद केलें पाहिजे. १९२२ च्या डिसेंबरांत कलकत्त्यास भरलेल्या प्रदर्शनांत क्ले व कँडिन्स्की यांच्या कृति मांडल्या गेल्या होत्या.

१९५० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत गायतोंडे यांच्या चित्रांत मनुष्याकृति आहेत; परंतु त्या बारीक रेषेनें सुचविलेल्या, रंगांच्या चौकटींत अर्धवट विरघळलेल्या अशा आहेत. वर्षामागून वर्ष जातें तशी आकृति मागें सरते आणि रंगक्षेत्र पुढें येतें. १९५७ सालीं टोकियो येथील तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनांत त्यांस पहिलें पारितोषिक मिळालें. १९५९ च्या सुमारास शेवटची आकृतिहि गळून पडली. यानंतर त्यांनीं ओळखीची वस्तु पुन्हां चित्रांत येऊं दिली नाहीं.

याच सुमारास झेन पंथाचा परिचय त्यांस झाला, आणि हा त्यांच्यावरील तिसरा मोठा संस्कार होय. 'झेन' हा शब्द आपल्या 'ध्यान' शब्दाचेंच चीनमार्गें जपानांत गेलेलें रूप आहे, हें बहुश्रुत वाचकांस ठाऊक असेलच. त्या परंपरेंतील शाईचीं चित्रें पाहिलीं तर कागदाचा बराचसा भाग कोरा सोडलेला दिसतो. तो राहून गेलेला नसतो. काढलेल्या चार रेषांइतकाच तो विचारपूर्वक ठेविलेला असतो. शिवाय चीन-जपानांत अक्षर आणि चित्र हीं एकाच कुंचल्याचीं लेंकरें मानलीं जातात. गायतोंडे यांच्या पुढील चित्रांत कोणत्याहि लिपींत नसलेलीं, पण कोणीतरी कांहीतरी लिहून ठेविलें असावें असें वाटावयास लावणारीं जीं चिन्हें येतात, त्यांचें गोत्र या हस्तलेखनकलेशीं जुळतें. या जोडीला रमण महर्षि, जे. कृष्णमूर्ति आणि निसर्गदत्त महाराज यांच्या विचारांचेंहि त्यांस आकर्षण होतें. यांपैकीं निसर्गदत्त महाराजांचीं मराठी निरूपणें तर गिरगांवाजवळच्या खेतवाडींत होत असत.

आपल्या चित्रांस 'अमूर्त' म्हटलेलें गायतोंडे यांस आवडत नसे. 'वस्तुनिरपेक्ष' हा शब्द त्यांस पसंत होता. हा केवळ शब्दच्छल नव्हे. अमूर्त म्हणजे मूर्त वस्तु घेऊन तिचें रूप झिजवीत झिजवीत नाहींसें करणें. वस्तुनिरपेक्ष म्हणजे आरंभींच वस्तु न घेणें. पहिल्या प्रकारांत "मूळ वस्तु कोणती होती?" असें विचारण्यास जागा राहते. दुसऱ्या प्रकारांत तशी जागाच नाहीं. चित्रांस ते बहुधा नांवहि देत नसत. कारण नांव दिलें कीं पाहणारा चित्र सोडून नांवच शोधूं लागतो.

आतां त्यांच्या प्रत्यक्ष कार्यरीतीकडे वळूं. वर्षाकाठीं त्यांचीं पांच-सहाच चित्रें पुरीं होत, हें ऐकून पुष्कळांस आश्चर्य वाटतें. एवढ्या थोड्या चित्रांस एवढें मोठें वर्ष कां लागावें? याचें कारण असें कीं, हातानें काम करण्याचा वेळ हा त्यांच्या कामाचा लहानसा भाग होता. कोऱ्या कॅनव्हसपुढें अथवा अर्धवट झालेल्या चित्रापुढें कांहीं न करतां बसून राहणें, हाच दिनक्रमाचा मोठा भाग होता. गवयी मैफलीच्या आरंभीं तंबोरा लावीत बसतो. श्रोत्यांतील नवखा मनुष्य चुळबुळ करूं लागतो. पण षड्ज जुळल्यावांचून गाणें सुरूं होणार नाहीं, हें जाणकारास माहीत असतें. गायतोंडे यांचें बसणें हें याच जातीचें होतें, असें आम्हांस वाटतें.

काम सुरूं झालें म्हणजे कुंचल्याचा वापर फारसा नसे. रंग पसरण्यासाठीं ते रोलर, म्हणजे फिरतें रूळ, वापरीत, आणि रंग ओढण्या-खरवडण्यासाठीं रंगाची बोथट सुरी. कुंचल्याच्या फटकाऱ्यांत चित्रकाराच्या हाताची लकब उतरते, जशी पत्रांत हस्ताक्षराची उतरते. रोलर ती लकब पुसून टाकतो. चित्रांत 'मी' दिसूं नये, रंग दिसावा, असा ज्याचा निश्चय, त्यास हें साधन मानवावें हें उघड आहे.

तैलरंग तेलांत पातळ करून पसरला म्हणजे त्याचा थर पारदर्शक होतो. तो वाळण्यास दिवसचे दिवस लागतात. त्यावर दुसरा पातळ थर, मग तिसरा, असे थर चढत गेले म्हणजे बाहेरचा प्रकाश वरच्या थरांतून आंत शिरतो, खालच्या फिकट थरावर आपटतो आणि सर्व रंग अंगाला लावून परत येतो. म्हणून गायतोंडे यांच्या चांगल्या चित्रापुढें उभें राहिलें असतां उजेड चित्राच्या मागून येत आहे असा भास होतो. निवळशंख विहिरींत वांकून पाहिलें असतां तळ जसा हातभर वर आल्यासारखा वाटतो, तसाच कांहीसा हा अनुभव आहे. जाड रंग एकदम थापून हें साधत नाहीं. येथें घाईला जागा नाहीं, आणि बाळूची उडी कमी पडते ती बहुधा येथेंच.

याहून विलक्षण युक्ति कागदाची. वर्तमानपत्रांचे व मासिकांचे कागद फाडून, त्यांच्या तुकड्यांच्या साह्यानें ते रंग कॅनव्हसवर उतरवीत अथवा ओल्या थरावरून उचलून घेत. कागद उचलतांना कांहीं रंग त्याबरोबर निघून येई, कांहीं मागें राही. जें मागें राही, त्याची कड फाटलेल्या कागदासारखी अनियमित, परंतु कोणी हातानें काढूं म्हणेल तर काढतां न येणारी अशी असे. यांत यदृच्छेचा भाग आहे हें उघडच आहे. परंतु तुकडा कोठें ठेवावयाचा, केव्हां उचलावयाचा, आणि झालेला ठसा ठेवावयाचा कीं सुरीनें खरवडून टाकावयाचा, हा निर्णय चित्रकाराचा. यदृच्छेस घरांत घेऊनहि घराची व्यवस्था स्वतःच्या हातीं ठेवणें, हें कौशल्य वर्षानुवर्षांच्या अभ्यासानेंच येतें.

या सर्व प्रयोगांचा बराचसा काळ मुंबईंत वॉर्डन रोडवरील भुलाभाई देसाई स्मारक संस्थेंत गेला. तेथें चित्रकारांच्या खोल्या होत्या, पं. रविशंकर यांची संगीतशाळा होती, इब्राहिम अल्काझी यांची नाट्यसंस्था होती. एका भिंतीपलीकडे सतार आणि दुसऱ्या भिंतीपलीकडे नाटकाची तालीम, असा तो शेजार. जवळच समुद्र. त्या वेळचे त्यांचे कॅनव्हस बहुधा आडवे असून त्यांत क्षितिजासारख्या आडव्या रेषा येतात, म्हणून पाहणारांस समुद्राची आठवण होते. १९६८ च्या सुमारास ते उभ्या कॅनव्हसकडे वळले. आडव्या चित्रापुढें डोळा डावीकडून उजवीकडे प्रवास करतो, जसा देखाव्यांतून करतो. उभ्या चित्रापुढें मनुष्य आपल्याइतक्याच उंचीच्या कशासमोर तरी उभा राहतो. एवढ्याशा फरकानें देखाव्याची शेवटची आठवणहि पुसट झाली.

१९६४ सालीं रॉकफेलर निधीच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले. तेथें त्यांस मार्क रॉथको प्रभृति अमेरिकन चित्रकारांच्या मोठमोठ्या रंगक्षेत्रांचें दर्शन झालें. यावरून त्यांची कला अमेरिकेची उसनवारी आहे असा कोणी समज करून घेईल, तर त्यानें सालें पडताळून पाहावींत. वस्तु त्यांनीं सोडली ती १९५९ च्या सुमारास. आगबोटीचें अथवा विमानाचें तिकीट मिळालें तें पांच वर्षांनंतर. परदेशांत त्यांस सोबती भेटले. वाट त्यांची त्यांस आधींच सांपडली होती.

१९७१ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. १९७२ सालीं ते दिल्लीस निजामुद्दीन भागांत राहावयास गेले. गच्चीवरची लहानशी जागा, पुस्तकें, संगीत आणि एका वेळीं एक कॅनव्हस, असा त्यांचा संसार. विवाह त्यांनीं केला नाहीं, सभासमारंभ ते टाळीत, मित्रहि मोजकेच. हें एकाकीपण सर्वांनीं अनुकरण करावें असें आहे, असें आम्ही म्हणत नाहीं. कुटुंबांत राहून कला साधणारे थोर पुरुष आणि स्त्रिया आपल्यांत झाल्या आहेत. परंतु त्यांनीं ज्याची किंमत दिली तें त्यांनीं फुकट मागितलें नाहीं, हें मात्र मान्य केलें पाहिजे.

या साधनेची कसोटी १९८४ सालीं लागली. दिल्लींत झालेल्या अपघातांत त्यांस गंभीर दुखापत झाली, आणि पुढें कांहीं वर्षें मोठे कॅनव्हस हाताळणें त्यांच्यानें होईना. रोलर, सुरी, थरांवर थर, हा सारा प्रपंच उभ्यानें आणि बळानें करावयाचा. तो थांबला तर चित्रकार संपला, असें कोणासहि वाटलें असतें. गायतोंडे यांनीं लहानसा कागद आणि शाई घेतली. १९८५ ते १९८७ या काळांतील त्यांच्या शाईच्या रेखाटनांत रंग नाहीं, थर नाहींत, चकाकी नाहीं. कांहीं खुणा आहेत आणि पुष्कळ कोरी जागा आहे. ज्या कलेस केवळ साधनांची करामत म्हणून हिणविलें जातें, तीमधून सगळीं साधनें काढून घेतल्यावर काय उरतें, याचें उत्तर या कागदांवर आहे. त्यांच्यापुढेंहि मन तसेंच स्थिर होतें. म्हणून त्यांच्या कलेविषयीं ज्यास शंका आहे, त्यानें कोट्यवधींच्या तैलचित्राआधीं हे लहान कागद पाहावे, अशी आमची सूचना आहे. पुढें त्यांनीं पुन्हां कॅनव्हस हातीं घेतला, आणि आयुष्याच्या शेवटच्या कांहीं वर्षांत रंग अजिबात खालीं ठेविला. १० ऑगस्ट २००१ रोजीं त्यांचें निधन झालें.

न्यूयॉर्क येथें १९३९ सालीं उघडलेल्या ज्या संग्रहालयाचें मूळ नांवच 'वस्तुनिरपेक्ष चित्रकलेचें संग्रहालय' असें होतें, त्याच गुगेनहाइम संग्रहालयानें ऑक्टोबर २०१४ ते फेब्रुवारी २०१५ या काळांत त्यांच्या सुमारें ४५ कृतींचें प्रदर्शन भरविलें. गिरगांवच्या चाळींत वाढलेल्या मनुष्यानें आयुष्यभर जो शब्द धरून ठेविला, तो शब्द ज्या घराच्या पायाशींच होता, त्या घरीं त्याचीं चित्रें शेवटीं पोंचलीं.

आतां मूळ शंकेकडे येऊं. हें चित्र कशाचें, हा प्रश्न आपण सर्वत्र विचारतों असें नाहीं. अंगणांत ठिपक्यांची रांगोळी काढणारी गृहिणी ठिपके मोजते, अंतर राखते, एक ठिपका चुकला तर पुसून पुन्हां आरंभ करते. ती रांगोळी कशाची, असें तिला कोणी विचारीत नाहीं. पैठणीचा काठ किती रुंद असावा, अंगाच्या रंगावर तो कसा उठावा, यावर घरांतील वडील स्त्रिया जें बोलतात, तें शुद्ध रंगप्रमाणाचें शास्त्र आहे. आलाप ऐकतांना शब्द नाहींत म्हणून आपण उठून जात नाहीं. जुन्या दप्तरांतील मोडी कागद आज पुष्कळ घरांत कोणास वाचतां येत नाहीं. तरीहि त्या धांवत्या वळणाकडे पाहून लिहिणाराचा हात कसा होता हें आपणांस कळतें. म्हणजे वस्तूवांचून आकार पाहण्याची विद्या आपल्या घरांत आहेच. भिंतीवर चौकट लागली कीं मात्र आपण ती विसरतों.

दिल्लीचें राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आणि मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था यांच्या संग्रहांत गायतोंडे यांच्या कृति आहेत, आणि वेळोवेळीं प्रदर्शनांतूनहि त्या पाहावयास मिळतात. वाचकांनीं संधि मिळेल तेव्हां त्यांतील एकाच चित्रापुढें निदान दहा मिनिटें उभें राहावें. पहिलीं दोन मिनिटें मन नांव शोधील. त्यास शोधूं द्यावें. मग कोणता रंग वर आहे, कोणता खालीं आहे, उजेड कोठून येतो, डोळा कोठें थांबतो, एवढेंच पाहावें. बरोबर मुलें असल्यास त्यांस "हें काय आहे?" असें विचारूं नये, "तुला यांत आधीं काय दिसलें, आणि मग काय दिसलें?" असें विचारावें. इतकें करूनहि चित्र आवडलें नाहीं, तर न आवडण्याचा आपला हक्क आहे, आणि तो कोणत्याहि लिलावाचा आंकडा हिरावून घेऊं शकत नाहीं. परंतु ज्यास घडावयास दोन महिने लागले, त्यास दोन पळांत निकालांत काढणें न्यायाचें होणार नाहीं, एवढें आमचें सांगणें आहे.